एक पेश

सावद्याला, बुऱ्हाणपूरच्या रस्त्यावर आमचा छापखाना.
लग्नपत्रिका हल्ली मोबाइलवर जातात,
म्हणून आम्ही खोकी छापतो,
तेरा किलोची, केळ्यांची.
पौषात निरोप आला: मराठी नको, अरबी टाका,
माल दम्मामला जातोय.

मला अरबी कुठली.
चाळीस वर्षं मुद्रितं तपासली मी,
माझं पोट ऱ्हस्व-दीर्घावर.
शब्द सापडला तो गुलशेर तडवीच्या नातीच्या कायद्यात.
(त्यांच्यात अक्षरांच्या पहिल्या पुस्तकाला कायदा म्हणतात.
आहेच तो.)
जुलेखानं बोट ठेवून दाखवलं:
मीम, वर जबर. वाव, वर जज्म. मग झे.
मौज.
मी हसलो. उभ्या खानदेशात केळ्याला
इतकं नेमकं नाव कुणाला सुचलं नव्हतं.

जसंच्या तसं काढून पाठवलं.
दम्मामहून दोन ओळी आल्या:
वरची चिन्हं काढा.
असं पोरांच्या पुस्तकात असतं, नाहीतर कुराणात.
खोक्यावर नाही.

काढली. दोनदा बटण दाबलं, बस्स.
कुणाची मात्रा, कुणाची वेलांटी
इतक्या सहज मी कधी काढली नव्हती.
शब्द उरला
घड उतरवल्यावर बागेत उरतो तसा,
नुसता खांब.

गुलशेर तिकडं एकोणीस वर्षं पाण्याचा टँकर चालवून आलेला.
म्हणाला, "पाट्यांवर, पेपरात, औषधाच्या बाटलीवर
काहीच नसतं भो.
ज्यानं त्यानं घरून आणायचं."
"आणि तू?"
"मी? जबर-जेर असलेलं घडाघडा वाचतो, कळत नाही.
नसलेलं कळतं.
डिझेल. दवाखाना. थांबा."

जळगावच्या पेपरात असताना एकदा
'शिक्षक दीन उत्साहात साजरा'
मी तसंच जाऊ दिलं होतं, चार कॉलमी.
एक पत्र आलं नाही.
सगळ्यांनी आपापला दिन घरून आणला.
फक्त किनगावचे एक मास्तर बसस्टँडवर भेटले,
हात हातात घेऊन म्हणाले,
बरोबर छापलंत.

गुलशेरच्या जुन्या थर्मासभोवती
तिकडचा पेपर गुंडाळलेला निघाला, पिवळा,
घडीवर तुटणारा.
रंग जुळवायचं भिंग घेऊन मी ते पान
उजवीकडून डावीकडं चाळलं.
नुक्ते होते, मुंग्यांसारखे.
जबर नाही. जेर नाही.
पाचव्या रकान्यात खाली, एका शब्दाच्या डोक्यावर
एक पेश.
वर टांगलेल्या स्वल्पविरामाएवढा.

शाई उडाली असेल म्हणून मी नखानं खरवडून पाहिलं.

गुलशेरनं चष्मा शोधला, ओठ हलवले.
"काफ. ते. लाम.
पेश नसता तर, ह्यानं मारलं.
पेश आहे.
म्हणजे हा मारला गेला."
"कोण?"
"पुढचं फाटलंय."

म्हणजे तिथंही कुणीतरी असतो.
रात्रपाळीला, चहा गार झालेला,
अख्खं पान उघडं सोडून देतो
आणि ह्या एका जागी थांबतो.
इथं वाचणारा घरून काय आणेल
ह्याचा त्याला भरवसा नसतो.
त्याला पगार किती असेल,
एवढंच माझ्या मनात आलं.

दुपारी जुलेखा आजोबांचा डबा घेऊन आली.
थप्पीपुढं उभी राहून वाचू लागली.
"मूज?"
"मौज."
"तसं कुठं लिहिलंय?"
नव्हतंच लिहिलेलं.
तिनं दप्तरातून पेन काढलं, टाचा उंचावल्या,
वरच्या खोक्यावर एक जबर ओढला,
जज्मचं गोल अर्धं झालं
आणि हमालानं थप्पी उचलली.